गिरणीतली ट्यूब आणि माझा अहवाल

त्या पावसाळ्यात मी लिहिलेला अहवाल चार ओळींचा होता. तारीख, ठिकाण, मोजलेलं व्होल्टेज आणि शेवटी निष्कर्ष : ‘ग्राहकाच्या अंतर्गत वायरिंगमध्ये दोष असावा.’ हा ‘असावा’ मी नेहमी वापरायचे. त्याने लिहिणाऱ्याची सोय होते. वाचणारा मात्र तो ‘आहे’ असाच वाचतो, हे मला तोवर कोणी दाखवून दिलं नव्हतं.

मी वीज खात्याच्या चाचणी विभागात आहे. राहायला लोणावळ्यात, आणि काम मावळातल्या सबस्टेशनांवर. मीटर, रिले, बिघाड झाला की लाइन तोडणारी यंत्रणा, हे सगळं तपासत फिरायचं. गावातल्या घरगुती तक्रारी माझ्याकडे येत नाहीत. ही आली, कारण ती तीनदा लिहून झाली होती आणि लाइनमननी दोनदा जाऊन हात टेकले होते. टाकवे बुद्रुकच्या पुढे, ज्या पठारावर पवनचक्क्या आहेत त्याच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथे एक बाई भातगिरणी चालवतात. गिरणीतली ट्यूब ‘धडधडते’, अशी त्यांची तक्रार होती. धडधडते हा शब्द वाचून ऑफिसात दोघेतिघे हसले. मीही हसले असेन.

जूनच्या शेवटी मी पहिल्यांदा गेले. पाऊस बारीक होता, वाऱ्याचा मागमूस नव्हता. पत्र्याची शेड, मधोमध भात सडायचं यंत्र, भिंतींवर कोंड्याचा भुरका थर आणि वर एक जुनी ट्यूब. बाई पन्नाशीच्या, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. नवरा तळेगावला कारखान्यात कामाला, गिरणी सगळी यांच्याच अंगावर. मी त्यांना मावशी म्हणाले आणि ते तसंच राहिलं.

“कधी होतं हे?” मी विचारलं.

“वारं आलं की.”

“तारा एकमेकींवर आपटत असतील.”

“तारा न्हाई आपटत. मी बाहीर जाऊन बगितलंय. आन् लाइट जात न्हाई, मॅडम. आसं करती.” त्यांनी हाताचा पंजा माझ्यासमोर धरून भराभर मिटला-उघडला.

“शेजारीपाजारी होतं का?”

“न्हाई. त्येंचं चांगलं हाय.”

मला तेवढंच हवं होतं. सगळ्या गावात एकाच घरी होतंय, तर दोष त्या घरातच. मी मीटर लावलं, अर्धा तास बसले, व्होल्टेज एका जागी होतं. सबस्टेशनमध्ये जाऊन तिथल्या नोंदी पाहिल्या. त्याही स्वच्छ होत्या. संध्याकाळी चार ओळी लिहून मी ते प्रकरण डोक्यातून काढून टाकलं.

तीनेक आठवड्यांनी त्या लोणावळ्याच्या ऑफिसात आल्या. आधी टेंपोने कान्हे, मग लोकलने लोणावळा, असं करत. छत्री दाराबाहेर ठेवली, पिशवीतून मोबाईल काढला आणि ट्यूबचा व्हिडिओ मला दाखवला. ट्यूब फडफडत होती खरी. पण मोबाईलच्या कॅमेऱ्यात जुन्या ट्यूब अशाच दिसतात. मी त्यांना तसं सांगितलं. ते खोटं नव्हतं, म्हणून तर ते सांगताना मला काही वाटलं नाही.

त्यांनी मोबाईल परत पिशवीत ठेवला.

“तुमच्या कागदावर लिवलं हुतं म्हनून समदी वायर नवी केली,” त्या म्हणाल्या. “मोटार सोडवून वडगावला रिवाइंडिंगला दिली. गिरन आठ दिस बंद. तरी त्येच.”

“वायरिंग आधी कोणी केलं होतं?”

“दिरानं. गावातला वायरमन त्योच हाय.” पिशवी मांडीवर ओढून त्या म्हणाल्या, “आता आमी बोलत न्हाई.”

मी पुन्हा येऊन बघते, एवढं म्हणाले. त्या उठल्या, छत्री घेतली आणि गेल्या. ऑफिसच्या खिडकीतून मला त्या स्टेशनच्या रस्त्याला लागताना दिसल्या. मी आमच्या लाइनमनला फोन करून नव्या वायरिंगबद्दल दोन प्रश्न विचारले आणि पुन्हा दुसऱ्या कामाला लागले. दिराबद्दलचं त्यांचं वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं, हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

पुन्हा गेले ती ऑगस्टमध्ये, आणि खरं सांगायचं तर सही घ्यायला गेले. प्रलंबित तक्रारींची यादी वर पाठवायची होती आणि ‘तक्रार निकाली’ या रकान्यापुढे ग्राहकाची सही लागते.

मावशींनी कागद वाचला. वाचायला वेळ घेतला. मग तो घडी न घालता मला परत दिला.

“सही न्हाई करत मी.”

“मावशी, मी तपासलं आहे. इथेही आणि सबस्टेशनमध्येही.”

“वारं नसताना तपासलं.” त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची कोंडा झटकून माझ्यापुढे ठेवली. “आज डोंगराकडनं वारं येतंय. तुमी बसा हितं. मी च्या टाकते. झालं न्हाई तर करते सही.”

मी बसले. लोणावळ्याला परत जाऊन मला दोन कामं करायची होती, पण सही हवी होती. त्या भात सडत होत्या. गावातली एक म्हातारी तिचं छोटं पोतं घेऊन आली आणि तांदूळ घेऊन गेली. पावसाळ्यात गिरणीला काम कमी, लोक लागेल तसं थोडं थोडं भात काढून आणतात. आम्ही मधूनमधून बोलत होतो. इंद्रायणी तांदूळ फार सडला तर त्याची कणी होते, कमी सडला तर शहरातलं गिऱ्हाईक नाक मुरडतं, असं काहीबाही.

चारच्या सुमाराला शेडच्या पत्र्याची एक कड वाजायला लागली. दारातून समोरचं पठार दिसत होतं. मघापासून ढगात असलेल्या पवनचक्क्या एकेक करून उघड्या पडत होत्या आणि सगळ्या फिरत होत्या. मावशींनी यंत्र थांबवलं, म्हणजे आवाज बंद होईल, आणि बोटाने वर दाखवलं.

ट्यूबचा उजेड आत-बाहेर होत होता. विझत नव्हता, लुकलुकतही नव्हता. धाप लागल्यासारखा भराभर कमी व्हायचा, वाढायचा, कमी व्हायचा, आणि एका सारख्या ठेक्यात. मी घड्याळ काढलं आणि गुडघ्यावर बोट आपटत मोजलं. दहा सेकंदांत तीस. पुन्हा मोजलं. पुन्हा तीस.

सैल जोडणीमुळे दिवा फडफडतो तो असा नाही. त्याला ठेका नसतो. ठेका असला की त्याच्या मागे काहीतरी मोठं यंत्र असतं.

मी शेजारच्या घरात गेले. तिथला एलईडी दिवा शांत जळत होता. त्याच्याकडे बघत दारातच उभी राहिले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. एलईडी दिव्याच्या आत एक छोटं सर्किट असतं. व्होल्टेज थोडं खालीवर झालं तरी ते उजेड सारखा ठेवतं. गावभर एलईडी लागले होते. जुन्या चोकची ट्यूब फक्त गिरणीत उरली होती, कारण मावशींचं म्हणणं, नवे दिवे कोंड्यात टिकत नाहीत. हेलकावे सगळ्या गावात येत होते. दिसत होते एका ठिकाणी.

मी गिरणीतूनच सबस्टेशनला फोन लावला. तिथे निवृत्तीला आलेला एक ऑपरेटर होता.

“भाऊ, व्होल्टेज किती दाखवतंय?”

“एकदम स्टेडी आहे मॅडम.”

“डिजिटल मीटरचं नको सांगू. जुन्या पॅनेलवर काट्याचं मीटर आहे ना, कोपऱ्यातलं? ते बघ.”

तो उठून गेल्याचं फोनवर ऐकू आलं.

“काटा थरथरतोय मॅडम,” तो म्हणाला.

आमचं डिजिटल मीटर दहा मिनिटांची सरासरी साठवून ठेवतं. जे सेकंदाला तीनदा वर जातं आणि तेवढंच खाली येतं, त्याची सरासरी सपाट रेघ. त्या सपाट रेघेवर विसंबून मी चार ओळी लिहिल्या होत्या. मी जीपमधून नोंद घेणारं यंत्र आणून मावशींच्या बोर्डाला जोडलं आणि वारा पडेपर्यंत, सहा वाजेपर्यंत, तिथेच बसले. निघताना सहीचा कागद पिशवीतच होता. त्यांनी तो मागितला नाही आणि मीही काढला नाही.

पुढच्या काही दिवसांत मी कागदावर जे जुळवलं ते साधं होतं. पवनचक्क्यांची वीज आमच्या सबस्टेशनात येते. तिथून दोन मोठ्या लाइनींवरून ती ग्रीडला, म्हणजे राज्यभराच्या जाळ्याला, मिळते. गावांकडे जाणारी लाइनही तिथूनच निघते. त्या वर्षी दोन मोठ्या लाइनींपैकी एक लाइन जूनच्या सुरुवातीपासून बंद होती. खंडाळ्याच्या बाजूला उतारावर एका टॉवरचा पाया पावसाने खचला होता आणि तो बांधून काढायचं काम चाललं होतं. म्हणजे सगळ्या पवनचक्क्या एकाच लाइनवर लटकत होत्या.

पवनचक्कीच्या आत व्होल्टेज सांभाळणारी एक यंत्रणा असते. व्होल्टेज जरा घसरलं की ती उचलते, चढलं की दाबते. जाळं भक्कम असतं तेव्हा तिच्या उचलण्या-दाबण्याने फार काही हलत नाही. जाळं नाजूक झालं की तेवढ्याच जोराने व्होल्टेज हवं त्याच्या पुढे जातं. मग ती दाबते, ते जास्त खाली येतं. पुन्हा उचलते. वारा जोरात असला, सगळ्या चक्क्या भरात असल्या, की हे आपोआप थांबत नाही. पुस्तकात हे थांबवण्याला अवमंदन म्हणतात. आम्ही डॅम्पिंगच म्हणतो.

मी पवनचक्कीवाल्या कंपनीला पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की आमची सर्व यंत्रं चाचणीत उत्तीर्ण आहेत, दोष ग्रीडमध्ये असावा. तो ‘असावा’ वाचताना मला माझंच अक्षर बघितल्यासारखं झालं. आमच्या वरिष्ठांचं म्हणणं, ग्रीड इतकी वर्षं इथेच आहे, तेव्हा दोष पवनचक्कीत.

शेवटी मी स्वतःच पठारावर गेले. तिथला इंजिनिअर धुळ्याकडचा होता, पस्तिशीचा, कामशेतला खोली घेऊन राहणारा. मी गेले तेव्हा तो कंटेनरच्या ऑफिसात डबा खात होता. त्याने अर्धी भाकरी झाकणावर काढून माझ्यापुढे सरकवली आणि माझ्या नोंदीचा कागद हातात घेतला. जेवता जेवता तो थांबला.

“हे कुठलं आहे मॅडम?”

“खालच्या गावातल्या भातगिरणीतलं.”

त्याने संगणकावर स्वतःची एक यादी उघडली. जूनपासून जोराच्या वाऱ्यात यंत्रं पुन्हा पुन्हा एकच इशारा देत होती. दिवस आणि वेळ त्याने लिहून ठेवली होती. आम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवले. ऑगस्टचा तो दिवस जुळला, चार वाजताची वेळ जुळली.

“मी वर कळवलं होतं,” तो म्हणाला. “मला सांगितलं, ग्रीडचा त्रास आहे, आपण लक्ष घालायचं नाही.”

“मलाही तेच सांगितलं, उलट बाजूने.”

“पण मॅडम, खरं सांगू? आमच्या चक्क्या एकट्या तपासल्या तर पास होतात. तुमचं सबस्टेशन एकटं तपासलं तर तेही पास. हे दोघांना जोडल्यावर होतंय. मग पत्र कोणाच्या नावाने लिहायचं?”

मला तो माणूस आवडला. त्या दिवशी आम्ही ठरवलं की आधी खात्री करायची. पुढच्या जोराच्या वाऱ्याला मी गिरणीत यंत्र लावून बसले आणि तो वर. फोन चालू ठेवला. ट्यूब धडधडायला लागल्यावर त्याने निम्म्या चक्क्या थांबवल्या. दहा-बारा सेकंदांत उजेड स्थिर झाला. पुन्हा चालू केल्यावर काही मिनिटांत धडधड परत आली. असं तीनदा केलं. मावशी हात पदराला पुसत ट्यूबकडे बघत होत्या.

“वरनं करतोय व्हय त्यो?”

“हो. चक्क्या जास्त घाई करतात. व्होल्टेज जरा हललं की लगेच जोरात ढकलतात.”

त्यांनी यंत्राच्या वरच्या पेटीवर हात ठेवला. त्या पेटीला एक झडप आहे, तिच्यातून भात खाली पडतं. “हितं नवं मानूस बसलं की आसंच करतं,” त्या म्हणाल्या. “मोटारीचा आवाज हलका झाला की झडप उगडतं. मंग भात लय येतं, आवाज जड होतो. मंग घाबरून मिटतं. दिसभर उगड-मीट, उगड-मीट. आन् तांदूळ समदा तुटका.”

“मग तुम्ही काय सांगता त्याला?”

“सांगते, आवाज ऐकला की जरा दम धर. आन् उगडायची तर थोडी उगड.”

मी ते दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या इंजिनिअरला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, आमच्या कंपनीच्या लोकांना हे पत्रात लिहून पाठवलं असतं तर दहा पानं लिहायची वाचली असती.

करायचं होतं तेही तेच : यंत्रणेचा जोर कमी करायचा, आणि व्होल्टेजच्या हेलकाव्याच्या विरुद्ध दिशेने थोडा धक्का देणारी एक सोय तिच्यात होती, ती चालू करायची. पण सेटिंग बदलायला यंत्र बनवणाऱ्यांची परवानगी लागते. त्यांनी अभ्यास करू म्हणून दिवस मागून घेतले. इकडे टॉवरचं काम संपत आलं. बंद लाइन सोमवारी सुरू होणार असं ठरलं.

“लाइन आली की प्रश्नच मिटतो,” माझे वरिष्ठ म्हणाले. “कशाला डोकेफोड?”

आणि ते चुकीचं बोलत नव्हते. दोन्ही लाइनी आल्या की जाळं भक्कम, हेलकावे बंद, फाइल बंद. मग पुढच्या कधीतरी एखादी लाइन पडेल आणि कुठल्यातरी दुसऱ्या गावात दुसऱ्या कोणाची तरी मोटार वडगावला जाईल. तोवर ती एकुलती एक ट्यूबही कोणी बदललेली असेल. मला स्वतःला सिद्ध करायचं होतं का? थोडं तेही असेल. पण जास्त भीती या गोष्टीची होती की सगळं आपोआप ठीक होईल आणि माझा अहवाल कायमचा बरोबर ठरेल.

परवानगी गुरुवारी आली. वारा मात्र आला नाही. शुक्रवार पूर्ण कोरडा गेला, चक्क्या जेमतेम हलत होत्या. शनिवारी सकाळी मी निघाले तर लोणावळ्यात पर्यटकांच्या गाड्यांनी जुना रस्ता भरलेला. भुशी धरणाकडे जाणाऱ्या बसमागे मी पाऊण तास अडकून होते. गिरणीत पोचले तेव्हा अकरा वाजले होते. एक वाजला, दोन वाजले. मावशींनी मला भाकरी आणि करडईची भाजी वाढली. फोनवर धुळ्याचा इंजिनिअर म्हणाला, “मॅडम, उद्या रविवार आहे, मी थांबतो.” मी म्हणाले, मीही थांबेन.

तीन वाजून गेल्यावर पत्रा वाजला.

या वेळी त्याने काही बंद केलं नाही. सगळ्या चक्क्या भरात येऊ दिल्या. ट्यूब धडधडायला लागली, नेहमीपेक्षा जास्तच. माझ्या यंत्राच्या पडद्यावर लाट दिसत होती.

“टाकू का?” त्याने विचारलं.

“टाका.”

तो एकेका ओळीतल्या चक्क्यांचं सेटिंग बदलत गेला. पहिल्या ओळीनंतर काहीच झालं नाही. दुसरीनंतर लाटेची उंची किंचित कमी झाली, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. तिसऱ्या ओळीनंतर ठेका तोच, पण प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होत गेला, आणि शेवटी पडद्यावर एक सरळ रेघ राहिली. बाहेर वारा तसाच होता. पठारावर सगळ्या चक्क्या फिरत होत्या.

मी फोनवर त्याला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “बरं झालं.” मग थोड्या वेळाने, “मॅडम, गिरणीवाल्या मावशींना सांगा.” मावशी समोरच होत्या, त्यांना दिसत होतं. त्यांनी यंत्र चालू केलं आणि थांबवून ठेवलेलं एकाचं भात सडायला घेतलं. मी तासभर बसून राहिले. धडधड परत आली नाही.

सोमवारी लाइन सुरू झाली. मंगळवारी मी दुसरा अहवाल लिहिला. हा सहा पानांचा होता. त्यात हेलकावे, त्यांचं कारण, उपाय, सगळं होतं. पहिल्याच पानावर मी लिहिलं की याआधीचा निष्कर्ष माझा होता, तो चुकीचा होता, आणि ग्राहकाच्या वायरिंगमध्ये कोणताही दोष नव्हता. यात ‘नसावा’ असं कुठेही लिहिलं नाही.

वरिष्ठांनी ते वाचून चष्मा काढला. “हे वाक्य ठेवायलाच हवं का? बाकीचा अहवाल चांगला आहे. कोणी विचारलेलं नाही.”

“एकीने विचारलेलं आहे सर.”

त्यांनी वाद घातला नाही. सही केली. त्यांच्याबद्दल मला त्या दिवसापासून थोडा जास्त आदर वाटतो.

त्याची प्रत घेऊन मी गिरणीत गेले. मावशींनी दारातल्या उजेडात उभं राहून पहिलं पान सावकाश वाचलं.

“म्हंजे माजी पैली वायर चांगली हुती.”

“होती. मोटारही चांगली होती.”

“मंग दिराला आता काय सांगू? मी त्येला लय बोलले. त्येच्या हाताला काम येत न्हाई म्हनले. चारचौघांत.” त्यांनी कागद माझ्या हातात परत ठेवला. “तुमी चला माज्यासंगं.”

मला हे अपेक्षित नव्हतं. मी मनात योजून आले होते ते एवढंच की कागद द्यायचा, मावशींची माफी मागायची, चहा घेऊन निघायचं. माझ्या चार ओळींतून त्या घरात काय काय झालं होतं ते मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. चतुर्थीला यंदा दोन घरांनी वेगवेगळा गणपती बसवला होता, हे मावशींनी वाटेत चालता चालता सांगितलं. इतकी वर्षं एकच असायचा.

दीर ओट्यावर बसून वायरचं वेटोळं सोडवत होते. वहिनीला बघून उठले नाहीत. मी माझी ओळख सांगितली, अहवाल पुढे केला आणि काय झालं ते सांगितलं. तुमचं काम बरोबर होतं, चूक माझी होती, असं स्पष्ट म्हणाले. त्यांनी कागद हातात घेतला नाही.

“मी तवाच म्हनलो हुतो,” ते म्हणाले. “वायर माजी सरळ हाय म्हनून. पन सरकारी कागद आला म्हनल्यावर माजं कोन आयकतंय?”

“तुमचं बरोबर आहे.”

“ह्या तीन महिन्यांत मला गावात दोनच कामं आली, मॅडम. ज्याला त्याला वाटलं, सख्ख्या वहिनीची गिरन ज्यानं बिघडवली त्याला घरात कशाला घ्या.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “ह्यो कागद मला नको. कागद घरात ऱ्हातो. तुमी तितं सांगा, चार मान्सांत. फाट्यावर.”

मावशी खाली बघत उभ्या होत्या. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

फाट्यावर चहाची टपरी आहे. संध्याकाळची पाचची वेळ, आठ-दहा माणसं बसलेली. शेतातून आलेले, कारखान्याच्या बसची वाट बघणारे, दोघं वयस्कर आबा. आम्ही तिघं तिथे गेलो. दीर एका बाजूला उभे राहिले, हाताची घडी घालून. मी आजवर बैठकांत बोलले आहे, नव्या इंजिनिअरांना शिकवलं आहे. पण तिथे तोंड उघडायला मला वेळ लागला.

मी सांगितलं की गिरणीतलं वायरिंग बरोबर होतं. ज्यांनी केलं त्यांनी ते नीट केलं होतं. बिघाड वरच्या पवनचक्क्या आणि सबस्टेशन यांच्या मध्ये होता, तो मला सापडला नाही, आणि न सापडताच मी वायरिंगचं नाव लिहिलं. एवढंच बोलले. टपरीवाल्याने गॅस बारीक केला होता, तो पुन्हा मोठा केला.

मग एका आबांनी दिरांकडे बघून विचारलं, “म्हंजे तुजं बरुबर हुतं रं?”

“व्हय,” दीर म्हणाले.

“मंग माज्या घरचा पंखा कवा बगनार? पंधरा दिस झालं, दुसऱ्याला सांगितलं हुतं, त्यो येतच न्हाई.”

“उद्या येतो.”

मावशींनी तीन चहा सांगितले. दिरांनी ग्लास घेतला, पण बाकावर वहिनीपासून लांबच बसले. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मला वाटलं होतं बोलतील. चहा संपवून मी उठणार तोच कोपऱ्यात बसलेल्या एका माणसाने मला हाक मारली.

“मॅडम, तुमी लाइटच्या हाव तर माजं बी आयका. माज्या नदीवरच्या पंपाचं मीटर बगा की एकदा. चार अर्ज दिले. तुमचे लोक म्हनतात, पंप जुना हाय.”

त्याच्या शेजारच्यानेही काहीतरी सांगायला सुरुवात केली. मी पुन्हा बाकावर बसले, पिशवीतून वही काढली आणि पहिल्याला विचारलं, “कधी होतं हे? दिवसाच्या कुठल्या वेळेला?”